डबल ट्रॉली जोडताना: एका हंगामाच्या नोंदी

घरचा ट्रॅक्टर पन्नास एचपीचा. सहा हंगाम एकाच ट्रॉलीवर ऊस ओढला. एका ट्रॉलीच्या खेपेला कारखान्याच्या यार्डातली रांग तेवढीच आणि ड्रायव्हरचा दिवसही तेवढाच जातो, म्हणून आमच्या कृष्णाकाठाला जवळपास सगळेच डबलवर, म्हणजे एकामागं एक दोन ट्रॉल्यांवर, गेलेत. यंदा मीही दुसरी ट्रॉली घेतली. पलूसकडच्या एका शेतकऱ्याची, वापरलेली, एक लाख तीस हजाराला. खाली तिलाच नवी म्हटलंय, आधीपासूनची ती जुनी. दोन्ही ट्रॉल्या दोनचाकी.

ओढायला फारसं शिकावं लागत नाही. अडतं ते जोडायला. उसाच्या फडात दोन ट्रॉल्या एकदम नेता येत नाहीत. एक भरून रस्त्यावर आणून सोडायची, दुसरी भरून आणायची आणि मग रस्त्यावर दोन्ही जोडायच्या. कारखान्यात वजनकाटा एकेकीचा होतो आणि क्रेनखालीही एकेकच जाते, म्हणजे तिथं पुन्हा सोडा, पुन्हा जोडा. कुणालाही विचारलं की "सवयीनं जमतं" एवढंच उत्तर मिळालं. सवय लागेपर्यंत माझा किती वेळ आणि किती पैसा गेला ते वहीत लिहीत गेलो. पहिल्यांदा डबल लावणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून जसंच्या तसं देतोय.

२२ नोव्हेंबर २०२४

कारखान्यांना १५ तारखेपासून गाळपाची परवानगी होती, पण २० ला विधानसभेचं मतदान आल्यामुळं ऊसतोडीच्या टोळ्या मागं राहिल्या. आमची टोळी बीडहून अजून यायची आहे. तोवर रिकाम्या ट्रॉल्या खळ्यात जोडून बघितल्या.

मागच्या ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला कडी असते, ती पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या हुकात पिननं अडकवायची. दोघांनी दांडी उचलली, पण जुन्या ट्रॉलीचा मागचा हूक नव्या ट्रॉलीच्या कडीपेक्षा चार बोटं खाली निघाला. रिकामी असल्यामुळं दाबून बसली, मात्र मागची ट्रॉली नाक खाली घालून उभी राहिली. भरल्यावर तिचा सगळा ऊस पुढं रेटला असता आणि पुढच्या हुकावर नको तेवढा भार आला असता.

दुसरी गोष्ट पिनची. कडीचं भोक झिजून मोठं झालेलं आणि आमची पिन सव्वा इंची. नुसती बोटानं हलवली तरी खटखट वाजत होती. खळ्यातच एक चक्कर मारली तर प्रत्येक गिअरला मागून ठोका बसत होता. रिकाम्याला असा ठोका बसतो तर दहा टनाला काय होईल, या विचारानं ट्रॅक्टर तिथंच बंद केला.

वेल्डरकडून हुकाच्या पाट्या कापून चार बोटं वर घेतल्या, १८०० रुपये. लेथवर दीड इंची पिन करून घेतली आणि कडीत बुश बसवला, ४५० रुपये. अख्खा दिवस गेला.

एक चूक मापातही झाली होती. पहिल्यांदा उंची मोजली तेव्हा नव्या ट्रॉलीच्या एका टायरात हवा कमी होती. हवा भरल्यावर कडी बोटभर वर आली. वेल्डरनं पाट्या कापायच्या आधी हे लक्षात आलं म्हणून बरं. आधी चारही टायरांत सारखी हवा, मग सपाट जागा, मग टेप.

२६ नोव्हेंबर

पहिली भरलेली खेप. ऊस ८६०३२ जातीचा, फडापासून डांबरी रस्ता तीनशे फूट.

नवी ट्रॉली आधी भरली. ओढून रस्त्याच्या कडेला आणली, जॅक खाली केला, पिन काढली आणि जुनी ट्रॉली घेऊन परत फडात गेलो. ती भरायला अडीच तास लागले. परत येऊन बघतो तर रस्त्याच्या कडेचा मुरूम सकाळच्या दवानं मऊ झालेला, जॅकचा पाय त्यात वीतभर रुतलेला आणि दांडीची कडी जवळजवळ जमिनीला टेकलेली. जॅकचा स्क्रू फिरवला तर दांडी वर यायच्या ऐवजी पाय आणखी खाली जात होता.

पहार घालून तिघांनी उचलायचा प्रयत्न केला. दांडीवर टनभर भार असताना माणसाच्या जोरावर काही होत नाही, फक्त पाठी धरल्या. पहार सटकली तेव्हा ती टोळीच्या मुकादमाच्या गुडघ्याजवळून गेली. तिथंच थांबलो. शेवटी पुढच्या तीस-बत्तीस मोळ्या उतरवल्या, शेजारच्या वस्तीवरून ट्रकचा बॉटल जॅक आणला, खाली सपाट दगड दिला आणि कडी वर घेतली. मोळ्या परत चढवल्या. तोवर आमचा जॅक वाकला होता.

दोन तास चाळीस मिनिटं गेली. यार्डात टोकन रात्री साडेनऊला मिळालं, गव्हाणीवर, म्हणजे ऊस उतरवायच्या जागी, नंबर लागला तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. म्हणजे जॅकखाली काही घातलं नाही एवढ्यासाठी अख्खी रात्र यार्डात काढली आणि दुसरी खेपही बुडाली.

नवा स्क्रू जॅक २६०० रुपये. बाभळीचा दीड फूट बाय दीड फूट, दोन इंच जाड फळा करून वर पत्रा ठोकून घेतला, ६०० रुपये.

३० नोव्हेंबर

फळा टाकल्यापासून जॅक रुतलेला नाही. आता अडचण दुसरीच.

भरलेली पुढची ट्रॉली रिव्हर्स घेत मागच्या ट्रॉलीपर्यंत नेत होतो. दोनचाकी ट्रॉली रिव्हर्सला स्टेअरिंगच्या उलटी वळते हे माहीत होतं, एकेरी ट्रॉली लावताना ते जमतंही. पण इथं पन्नास फूट मागं जाऊन दीड इंची पिनच्या भोकावर भोक आणायचं होतं. ट्रॉली सहा इंच डावीकडं गेली की स्टेअरिंग फिरवायचं, ती लगेच फूटभर उजवीकडं, पुन्हा पुढं घ्यायचं, पुन्हा मागं. रस्ता अडलेला, दोन्ही बाजूंना दुचाक्या, एक एसटी हॉर्न देतेय. पहिल्या दिवशी एक तास दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी पन्नास. क्लचही तापून वास मारायला लागला.

संध्याकाळी मामा आले होते. त्यांचे डबलवर वीसेक हंगाम झालेत. थोडा वेळ नुसते बघत उभे राहिले, मग जवळ आले.

"आरं, ढकलत कशाला न्हेतोस तिच्याकडं? ती कुटं पळून चाललीया का? तू तिच्या म्होरं जाऊन उभा ऱ्हा."

"म्हणजे कसं, मामा?"

"मागची सोडली ती रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीला धरून सोड. मग पुढची घिऊन तिच्या शेजारनं म्होरं निघायचं, आन् त्याच पट्टीला धरून सरळ व्हायचं. रिवस फक्त दोन हाताचा ऱ्हायला पायजे. दोन हातात गाडी वाकडी हुयाला वेळच मिळत न्हाई."

त्यांच्यासमोर करून बघितलं. मागच्या ट्रॉलीचं टायर पट्टीपासून एक वीत. पुढची घेऊन शेजारून निघालो, शंभर-सव्वाशे फूट पुढं जाऊन ट्रॉली पूर्ण सरळ केली, तिचंही टायर पट्टीपासून एक वीत येईपर्यंत. मग सरळ रेषेत मागं. ते शंभर फूट मागं येतानाच पुन्हा वाकडी झाली. मामा म्हणाले, "आता शंबर फूट कशाला गेलास? तिच्या नाकाजवळच सरळ व्हायचं."

म्हणजे मागच्या ट्रॉलीच्या पुढं जाताना आधीच लांबून पट्टीकडं यायला लागायचं, पुढची ट्रॉली सरळ होते न होते तिथंच थांबायचं आणि राहिलेलं अंतर दोन-तीन हातच उरेल असं बघायचं. तिसऱ्या वेळी जमलं. अठ्ठावीस मिनिटं.

२ डिसेंबर

कुठं थांबायचं हे दर वेळी अंदाजानं करत होतो. आज मोजून टाकलं. पुढच्या ट्रॉलीच्या टायरच्या मध्यापासून मागच्या हुकापर्यंत सात फूट. म्हणून पहिली ट्रॉली सोडतानाच तिच्या कडीपासून सात फूट पुढं, पट्टीच्या आत, चुन्याची आडवी रेघ मारली. आता आरशात स्वतःच्या ट्रॉलीचं टायर त्या रेघेवर आलेलं दिसलं की हूक कडीवर आलेला असतो. मागं वळून मान मोडायची गरज नाही.

खुणेला दगड ठेवू नका. चाकांना लावलेले दगडही निघताना उचलून ट्रॉलीत टाका. हंगामात रस्त्यावर पडून राहिलेल्या दगडांवरून रात्री दुचाकीवाले पडतात. तो दगड कुणी ठेवला हे कुणालाच कळत नाही आणि घरी त्या माणसाची वाट बघत असतात. आमच्या ट्रॉलीवर आता लाकडाचे चार ठोकळे दोरीनं बांधलेत. गाडी हलली की दोरीबरोबर तेही रस्त्यावरून निघतात, विसरायचा प्रश्नच राहत नाही.

५ डिसेंबर

रात्री पाऊस. काळ्या रानात एकेरी, अर्धी भरलेली ट्रॉलीसुद्धा रुतून बसली. दोन दिवस तोड बंद, टोळीही बसून. जोडायचं काहीच नव्हतं. जॅकच्या स्क्रूत ग्रीस भरलं.

१० डिसेंबर

आजची चूक मला फार लागली, कारण तिच्यात दुसऱ्याचा जीव गेला असता.

पहिली भरलेली ट्रॉली नेहमी मागची होते, कारण दुसरी ट्रॅक्टरलाच असते. हे इतकं उघड आहे, पण भरताना माझ्या डोक्यात ते नव्हतं. टोळीनं सकाळी ताज्या दमात पहिली ट्रॉली ठासून भरली. दुसऱ्या वेळी फडाच्या कोपऱ्यातला पडलेला, वाकडा ऊस राहिला होता. तो ट्रॉलीत नीट बसत नाही, उंची दिसते पण वजन नाही. काट्यावर मागची ११.८ टन भरली आणि पुढची ८.२.

पुलाच्या अलीकडच्या उतारावर मागची ट्रॉली झुलायला लागली. आधी थोडी, मग पुढच्या ट्रॉलीला घेऊन. स्टेअरिंग माझ्या हातात असूनही गाडी मागून कुणीतरी हलवतंय असं वाटत होतं. समोरून दूधवाला येत होता, तो रस्ता सोडून खाली उतरला. मी ब्रेक दाबला नाही, फक्त रेस सोडली. गिअर खालचा होता म्हणून वेग कमी होत गेला आणि झोल थांबला. पूल ओलांडल्यावर गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसलो.

जड पुढं, हलकी मागं. म्हणजे हलकी आधी भरायची. जोडणी कशी होणार ते रस्त्यावर येण्याच्या तीन तास आधी फडातच ठरतं.

मुकादमाशी बोललो. "मुकादम, उद्यापासून पहिल्या गाडीत पडलेला ऊस घ्या, उभा सरळ ऊस दुसरीला ठेवा." ते म्हणाले, "मालक, आमचे कोयते फडाच्या तोंडापासून आत जातात. मधलं सोडून मागचं कसं तोडायचं?" त्यांचंही बरोबर होतं. तोड टनावर आहे, त्यांना उलटसुलट फिरायला लावलं तर त्यांची मजुरी बुडते. मग तोड आहे तशीच ठेवली आणि मोळ्या मोजल्या. पहिल्या गाडीत वरचा शेवटचा थर घ्यायचा नाही, त्या मोळ्या बांधावर ठेवायच्या आणि दुसरीत घालायच्या. डोक्यावरून नेण्याचं अंतर थोडं वाढतं, म्हणून दर खेपेला टोळीला शंभर रुपये वेगळे द्यायचं ठरलं. तो पैसा मी खुशीनं देतो.

भरताना आणखी एक बघायचं. शेंड्याची बाजू मागं लोंबते आणि टोळी मागून चढते म्हणून मागं जास्त भरलं जातं. ट्रॉली उलाळ, म्हणजे मागं जड, झाली की जॅक काढताच दांडी वर उडते. पुढची उलाळ असेल तर ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि चढाला जागेवर फिरतात. उलट नाकावर फारच जड झाली तर ट्रॅक्टर पुढून उचलायला बघतो. माझा अंदाज आता असा आहे: जॅकच्या हँडलला एका माणसाचा पूर्ण जोर लागला पाहिजे, पण दुसऱ्याला बोलवावं लागता कामा नये.

१७ डिसेंबर

पिन उडाली.

पिनच्या खालच्या भोकात क्लिप नव्हती. चार दिवसांपूर्वी फडात पडली आणि मी तिथं बायंडिंगची तार पिळून घातली होती. गावाच्या वेशीजवळच्या गतिरोधकावर पुढची ट्रॉली उतरली, मागची अजून चढत होती. त्या क्षणी दांडी वर उचलली जाते आणि पिनला खालून ठोसा बसतो. तार तुटली, पिन वर आली. मला आवाज आला तो साखळीचा. धाड करून ताणली गेली आणि मागची ट्रॉली दांडी रस्त्यावर घासत थांबली. शाळा सुटायला वीस मिनिटं होती.

साखळी नसती तर अकरा टन तसेच वेशीतून खाली गेले असते. ती साखळी मामांनी पहिल्या आठवड्यात बळंच लावायला सांगितली होती. मला ती दर वेळी अडकवायला कंटाळा येत होता, हेही इथं लिहून ठेवतो.

दांडी वाकली, सरळ करून पट्टी मारायला ३२०० रुपये. आता दोन पिना आहेत, एक कामाची, एक टूलबॉक्समध्ये. दोन्हींना वर मूठ आणि खाली स्प्रिंगची क्लिप, क्लिप पिनलाच छोट्या साखळीनं बांधलेली. पिन वरून खाली घालायची, कधीच खालून वर नाही. साखळ्याही दोन केल्या आणि दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घेतल्या, म्हणजे दांडी निसटली तरी त्यांच्या झोळीत पडते, रस्त्याला लागत नाही. लांबी अशी की पूर्ण वळणावर ताण येत नाही पण जमिनीलाही घासत नाही. पिना, क्लिपा, साखळ्या मिळून २९०० रुपये.

तार, बोल्ट, सळईचा तुकडा, हे पिनच्या जागी एक दिवसही घालू नका. क्लिप वीस-पंचवीस रुपयांना मिळते.

२६ डिसेंबर

आज बावीस मिनिटं. गेल्या आठवडाभर रोज एकाच क्रमानं करतोय, म्हणून वेळ कमी झाला. घाई केली म्हणून नाही.

धाकटा चुलतभाऊ जोडीला असतो. त्याची जागा ठरलेली आहे: उजव्या बाजूला, पुढच्या ट्रॉलीच्या टायरच्या बाहेर, मला आरशात दिसेल तिथं. आरशातून तो दिसेनासा झाला की मी थांबतो, त्यानं हाक मारायची वाट बघत नाही. दोन ट्रॉल्यांच्या मध्ये गाडी चालू असताना कुणीही जायचं नाही. हा नियम आधी नव्हता. ९ तारखेला तो कडी हातानं सरळ करत होता आणि माझा पाय क्लचवरून थोडा सुटला. हूक कडीवर आपटला, त्याच्या बोटाच्या आणि लोखंडाच्या मध्ये फक्त पोत्याचा तुकडा होता. नख काळं पडलं, बोट राहिलं. त्या रात्री काकूंच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

आता तो हात आडवा करतो, मी थांबतो. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, चाव्या माझ्या खिशात. मग तो मध्ये जातो. दोन बोटं वर-खाली असेल तर जॅकनं करायचं, दोन बोटं डावं-उजवं असेल तर बाहेर यायचं आणि मी पुन्हा पुढं घेऊन येणार. पहारेनं कडी सरकवत बसायचं नाही. पिन, क्लिप, साखळ्या, मागच्या लाइटची वायर. जॅक मात्र लगेच पूर्ण वर घ्यायचा नाही. चार बोटं वर घ्यायचा, मागच्या चाकांचे ठोकळे तसेच ठेवायचे आणि पहिल्या लो गिअरला हलकेच ओढून बघायचं. पिन नीट बसली नसेल तर ती इथंच निसटते आणि दांडी जॅकवरच परत बसते. ओढल्यावर उतरून क्लिप पुन्हा हातानं फिरवून बघतो. मग ठोकळे वर, जॅक वर, फळा आत.

जॅक पूर्ण वर घ्यायचा विसरून एकदा निघालो होतो. गतिरोधकाला पाय घासला. फक्त रंग गेला.

६ जानेवारी २०२५

जोडायची जागा बदलली.

फडातून येणारा पाणंद रस्ता डांबरीला काटकोनात मिळतो. मी मागची ट्रॉली तोंडाच्या आतच, पाणंदीत सोडत होतो, कारण तिथं वाहनं नसतात. जोडायला शांत, पण जोडल्यावर ते वळण डबल घेऊन काढावं लागायचं. ट्रॅक्टर निघतो, पुढची ट्रॉली निघते आणि मागची आतून कापते. आज तिनं मोरीच्या कठड्याचा कोपरा घेतला. कठडा दगडी होता, त्याचे दोन दगड पडले. मी आणि भावानं दुपारी सिमेंट नेऊन बसवले. टायरच्या कडेला चीर गेली, टायर उलटं करून ती कड आता आतल्या बाजूला घेतलीय, किती दिवस चालतंय बघू.

आता पहिली ट्रॉली वळण पार करून, डांबरीवर, कारखान्याच्या दिशेला तोंड करून सोडतो. पुढं दोनशे फूट सरळ रस्ता असला पाहिजे. मागं शंभर पावलांवर लाल कापड आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण. उताराच्या तोंडावर सोडायची नाही आणि ऐन चढावरही नाही, कारण सुटताना डबलला पहिला झटका सपाटीवरच झेपतो.

मामांनी आणखी एक दाखवलं. रानात वळायला सोपं जावं म्हणून डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल सुटे ठेवतो आणि तसाच रस्त्यावर येतो. डबल ओढताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागून वीस टन येतात. पेडलची पट्टी लावणं आता जोडणीच्या क्रमात धरलंय, पिनच्या आधी.

१४ जानेवारी

संक्रांत. अर्धा दिवस तोड. आईनं टोळीच्या खोप्यांवर तिळगूळ आणि भाकरी-भाजी दिली. मुकादमाची बायको म्हणाली, मोळ्या बांधावर ठेवायच्या कामाचा आता त्रास वाटत नाही, तेवढाच दम खायला मिळतो.

३ फेब्रुवारी

रात्रीची जोडणी अजून नीट जमत नव्हती. हंगाम लवकर आटोपणार असं यार्डात बोलतात, म्हणून रात्रीच्या खेपा वाढल्या.

टॉर्च भावाच्या हातात असली की ती माझ्या आरशात चमकते आणि मला काहीच दिसत नाही. पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या आडव्या पट्टीखाली, हुकाकडं तोंड करून छोटा बारा व्होल्टचा दिवा लावला. चुन्याची रेघ अंधारातही दिसते, फक्त दवानं पुसट होते, म्हणून ती जोडायच्या थोडं आधी पुन्हा मारावी लागते.

मागच्या ट्रॉलीचे रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या उसाखाली झाकले जातात, हे आतापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी कायम पुढं असतो. भावाला दुचाकीवरून मागं पाठवलं, तर तो म्हणाला, "दादा, मागनं निस्ता काळा ढीग दिसतुया." फळीवर लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणि दोन दिवे लावून ती उसाच्या टोकांच्या बाहेर लोंबती ठेवली, दिव्यांसकट ७५० रुपये. रिकामी झाली की काढून आत ठेवतो, नाहीतर क्रेनच्या वायररोपमध्ये अडकते.

आज भावानं स्वतः जोडली. मी आरशाबाहेर उभा राहिलो. चौदा मिनिटं, एकदाच पुढं-मागं. पिन घातल्यावर त्यानं क्लिप फिरवून बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं.

४ मार्च

परवा शेवटची खेप पडली. एकसष्ट खेपा डबलच्या झाल्या. जोडणीवर थेट झालेला खर्च बारा हजार तीनशे, टोळीला दिलेले शंभर-शंभर वेगळे. यातले २६०० जॅकचे आणि ३२०० दांडीचे, म्हणजे ५८०० रुपये, निव्वळ माझ्या चुकीचे होते. एक फळा आणि एक क्लिप वेळेवर असती तर वाचले असते. वेळ एक तास दहा मिनिटांवरून दहा-बारा मिनिटांवर आलाय. पाऊस असला तर अजूनही वीस लागतात.

नव्या ट्रॉलीच्या कडीतला बुश एका बाजूनं झिजलाय, पुढच्या हंगामाआधी बदलायचा. चिरलेलं टायर काढायचं. जुन्या ट्रॉलीचा जॅक डाव्या बाजूला आहे, नव्याचा उजव्या. भावाला दर वेळी दोन ट्रॉल्यांना वळसा घालून पलीकडं जावं लागतं, म्हणून जुन्याचा उजवीकडं घेणार आहे. वेल्डर म्हणाला, जून लागायच्या आत आणा, नंतर पेरणीची अवजारं येतात. जॅकचा फळा ट्रॉलीच्या दांडीलाच हातभर साखळीनं बांधून टाकलाय.